डावा ब्रेक

सत्तिबाबूनं आपली सायकल उमाजीच्या हातात दिली, आणि तीही रविवारच्या सगळ्या सायकलवाल्या मंडळींसमोर, टेकडीच्या माथ्यावर, चहा चाललेला असताना. दौलत तिथंच उभा होता. 

एका राज्याची दोन झाली, सरकारी हापिसातल्या कपाटांसारखी माणसंही इकडची-तिकडची वाटली गेली, आणि सत्तिबाबूच्या वाट्याला आंध्र आलं. बुधवारी तो विजयवाड्याला निघणार होता. तिथं एका खोलीत तिघांनी राहायचं. सायकल ठेवणार कुठं? ती कुणाला तरी देऊन टाकायची हे ठरलेलंच होतं. आणि ती आपल्यालाच, असं दौलतनं मनाशी धरलं होतं. बायकोची, तारामतीची, बोलणी खाऊन त्यानं सायकलीला जागा म्हणून गॅलरीतलं कपडे वाळवायचं स्टँडसुद्धा आत घेतलं होतं.

का नाही धरणार? लिफ्टवाल्या घरांची भाडी परवडत नाहीत, म्हणून दर रविवारी चिक्कडपल्लीतल्या तिसऱ्या मजल्यावरून आपली जुनी सायकल खांद्यावर घेऊन उतरायचं, गुडघ्यांना सुलतान बाजारातले व्हॉलीबॉलचे पॅड बांधायचे, आणि शहराबाहेरच्या या खडकांत सत्तिबाबूच्या मागं मागं हाडं खिळखिळी करून घ्यायची, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं. त्याच्या सायकलीला धक्के झेलणारे शॉक फक्त पुढं. सत्तिबाबूच्या सायकलीला मागंपुढं, मेव्हण्यानं अमेरिकेहून खोक्यात घालून आणलेली.

आणि मिळाली कुणाला? उमाजीला! दौलतच्या मावसभावाला! मनात आणलं तर उद्या दुकानातून नवी घेईल असा कंपनीत नोकरीला असलेला गडी. त्याला या मंडळीत आणलं कुणी? दौलतनंच. वर्ष झालं नव्हतं त्याला अजून.

"दादा, उचलून तर बघा, किती हलकी आहे," उमाजी म्हणाला. तो बिचारा आपला खुशीत.

दौलतच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "आण इकडं. तुला झेपते का, ते आधी मी बघतो." आणि त्यानं हँडल जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

"अरे दौलत, रुक रे! सुन तो..." सत्तिबाबू कप खाली ठेवत म्हणाला.

दौलत कशाला थांबतोय! टांग टाकली आणि निघाला उतरणीला. एरवी कण्यात ठणका उठवणारे दगड आज खालून गेले तरी पत्ता लागत नव्हता. जितकी सुखानं सायकल चालली होती तितका तो जळत होता. सायकलीचं मरू दे, पण जाताना माणूस आपली वस्तू कुणाला देतो? ज्याला आपला मानतो त्याला. मग मी कोण? ह्याची पंक्चरं काढणारा?

समोर मोठा खडक आला आणि त्याच्या अंगाला वळण. मागून उमाजी जिवाच्या आकांतानं ओरडला, "दादा, डावा नको! डावा पुढचा आहे! डावा दाबू नका!"

आता इथं हे सांगायला हवं की आपल्याकडच्या सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि मागचा डाव्या. या अमेरिकन बाईचं सगळंच उलटं. आणि उतरणीवर पुढचा करकचून दाबला की माणूस सायकलीच्या आधी खाली पोचतो.

उमाजीचं ओरडणं दौलतला नीट ऐकू आलं. पण त्यातून त्याच्या डोक्यात शिरलं ते भलतंच. उमाजीनं ही सायकल चालवलीय! अगदी ब्रेक हातात बसेपर्यंत चालवलीय. कधी? मी मागं कुणाची तरी ट्यूब बदलत बसलो होतो, तेव्हा?

तेवढ्यात वळण आलंच. हातानं आपली जन्माची सवय पाळली आणि डावा दाबला.

दौलत हँडलवरून उडून थेट मुरमात. सायकल त्याच्या अंगावर.

सत्तिबाबू धापा टाकत खाली आला. सायकलीकडं त्यानं पाहिलंही नाही, पायानंच बाजूला सारली आणि गुडघ्यांवर बसला.

"हात हला. गर्दन हला. दाँत हैं क्या सब?"

दौलतचा ओठ फाटला होता. त्यानं रक्त थुंकलं. "उसकू कब दिया तू?"

"क्या?"

"उमाजी कू. चलाने कू. मेरेकू तो एक बार नै दिया."

सत्तिबाबूनं कपाळावर हात मारून घेतला. "उनो मांगा, मैं दिया. इत्ते सालां में तू कब्बी मांगा क्या रे?"

दौलतनं खरंच मागितली नव्हती. सत्तिबाबू आपणहून म्हणेल, याची तो वाट बघत राहिला होता.

वरून उमाजी "दादा, दादा" करत खडक उतरत होता. दौलतनं तिकडं मान वळवली नाही. त्यानं सत्तिबाबूचं मनगट धरलं.

"तो अब मांगरूं," तो म्हणाला. "नक्को जा रे."

सत्तिबाबू खाली वाकून दौलतच्या हेल्मेटचा पट्टा सोडवू लागला. एका बोटानं सुटणारी ती क्लिप, पण त्याला ती काही केल्या सुटेना.