पाणी तयार होईपर्यंत

काचेच्या नळीतलं पाणी पिकल्या लिंबासारखं पिवळं राहायला हवं होतं. तपासणीच्या औषधाचा आठवा थेंब पडला, नेत्रानं नळी हलवली, आणि पाच मिनिटांत त्याला कच्च्या लिंबाचा रंग आला.

“पुन्हा अमोनिया,” ती म्हणाली आणि वहीत तारीख टाकून आकडा लिहिला.

“अगेन?” सहा वर्षांची आन्या सोफ्यावर धपकन बसली. “आजी, नो फिश धिस वीक ऑल्सो!”

शोभाताई सप्टेंबरात नागपूरहून अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी लेकाकडे आल्या होत्या. डिसेंबरात नातीच्या वाढदिवसाला दहा गॅलनची टाकी त्यांनीच घेऊन दिली. पाणी भरायचं नि मासे सोडायचे, एवढंच त्यांना ठाऊक. पण सून नेत्रा युनिव्हर्सिटीत मातीतल्या जिवाणूंवर संशोधन करणारी. तिच्या हातात पाणी भरणं हेही दीड महिन्याचं काम झालं. जानेवारीत पाणी तयार होत आलं आणि बिघडलं. फेब्रुवारीत पुन्हा तेच.

चौदा मार्चचं परतीचं तिकीट होतं. संग्राम नुकताच अमेरिकन नागरिक झाला होता. आईच्या ग्रीन कार्डाचे कागद त्यानं भरून ठेवले होते. फक्त सही हवी होती. वडील गेल्यापासून नागपूरच्या घरात आई एकटीच, म्हणून तो रोज विचारायचा.

“आन्याचे मासे येऊ देत रे,” शोभाताई म्हणायच्या, “मग सांगते.”

मासे ही सबब होती. लेक दिवसातून दहादा “राहा” म्हणत होता. सून एकदाही म्हणाली नव्हती. ती त्यांचं ब्लडप्रेशर मोजायची, त्यांच्या मापाचे लोकरीचे मोजे आणायची, औषधाच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या लावून ठेवायची. सगळं अचूक. पण राहा, असं काही तिच्या तोंडून निघत नव्हतं.

एकदा त्यांनी विचारलं, “काय गं, रिकाम्या टाकीला रोज खाऊ का घालतेस?”

“रिकामी नाहीये ती, आई.” नेत्रानं स्टूल ओढलं. खाऊ कुजतो, त्याचा अमोनिया होतो, तो माशांना विष. एका जातीचे जिवाणू तो खातात. ते जे मागे ठेवतात तेही विषच. ते खाणारी जात दुसरी. दोघांची वस्ती जमली की मासे आणायचे. वस्ती बहुतेक सगळी फिल्टरमधल्या स्पंजात. म्हणून स्पंज नळाखाली धरायचा नाही. शहराच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते मरतात. कढत पाण्यानं तर सगळेच.

“किती असतील?”

“बोटभर स्पंजात कोट्यवधी.”

“अरे बाप्पा! आणि आणलेस कुठून?”

“कुणी आणत नाही. हवेतून, पाण्यातून, आपल्या हातांवरून येतात. राहू दिलं की राहतात.”

शोभाताईंनी चाळीस वर्षं रोज संध्याकाळी दूध विरजलं होतं. रात्रभर त्या भांड्यात कोण राबतं, हे कधी मनातही आलं नव्हतं. त्या दिवसापासून दुपारी घर रिकामं झालं की त्या टाकीसमोर बसू लागल्या. बाहेर बर्फ, आत स्वच्छ पाणी, बुडबुड्यांची एक रेघ आणि बाकी काहीच नाही. त्या काहीच नाहीकडे पाहताना त्यांचा श्वास हळू व्हायचा. चिमूटभर खाऊ सोडून त्या पुटपुटायच्या, “जेवा रे.”

आणि आता पुन्हा कच्च्या लिंबाचा रंग.

“आई, खरं सांग,” संग्राम हसत म्हणाला, “स्पंज घासून काढलास ना? तुझ्या हाताखाली माझ्या नॉनस्टिक तव्याचं काळंसुद्धा टिकलं नाही.”

“मी हातही नाही लावला रे!”

“सवयीनं लागला असेल, यार.”

“आईंनी नाही केलं,” नेत्रा म्हणाली. तिनं वहीतून मान वर केली नाही.

शोभाताईंना ते बाजू घेणं वाटलं नाही. विषय मिटवणं वाटलं. खरंच सवयीनं लागला असेल का हात? दुसऱ्याच्या घरात आपले हात आपलं ऐकत नाहीत. आन्याचं तोंड एवढंसं झालेलं त्यांनी पाहिलं आणि मनाशी ठरवलं. मासे येवोत न येवोत, मार्चच्या पहिल्या शनिवारी सांगून टाकायचं: तिकीट आहे ते ठीक आहे.

शनिवारच्या आधीच्या गुरुवारी त्या नेहमीसारख्या बसनं लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला गेल्या. बर्फामुळे वर्ग रद्द झाला होता. अकराच्या सुमारास त्या परत आल्या, तर दारात नेत्राचे बूट. या वेळी ती लॅबमध्ये असायला हवी होती. स्वयंपाकघरात नळ वाहत होता.

टेबलावर वही उघडी होती. आजची तारीख, आणि पुढे नेत्राच्या बारीक अक्षरात: पिवळं. शून्य. त्यावर जानेवारीतल्या आणि फेब्रुवारीतल्या दोन तारखांपुढेही तेच: पिवळं. शून्य.

नेत्रा सिंकपाशी पाठमोरी उभी होती. नळातून वाफा निघत होत्या. तिच्या लालबुंद झालेल्या मुठीत टाकीतला स्पंज होता. ती तो पिळत होती, सोडत होती, पुन्हा पिळत होती, आणि तपकिरी पाणी मोरीत जात होतं.

चाहूल लागून ती वळली. चष्म्यावर वाफ धरली होती.

“मासे आले की तुम्ही जाणार ना,” ती म्हणाली.

शोभाताईंनी पुढे होऊन नळ बंद केला.

“संग्रामला फोन लाव,” त्या म्हणाल्या. “ते कागद काढून ठेव म्हणावं. मी राहतेय.”