उसना आवाज

“हा तू का?” मिंदानं विचारलं.

“हा हीरो गं.”

“मग हा?”

“हा मीच.”

“चल! हा कुणी दुसराच बोलतोय.”

मधुमेहानं डोळे गेल्यापासून मिंदा टीव्ही नुसता ऐकायची. आज दुपारी नवऱ्याचा जुना सिनेमा लागला होता आणि तिला त्यात तो शोधायचा होता. सेल्सोनं चाळीस वर्षं फिलिपिनो सिनेमात गुंड केले, पण एकाही वाक्याला त्याचा आवाज नव्हता. तो सेबू बेटावरचा. त्याच्या तोंडची गावाकडची बोली मनिलाच्या साहेबांच्या कानाला टोचायची. चेहरा चालेल म्हणाले, जीभ नको. वर उपकार केल्यासारखे हसले. त्याची सगळी वाक्यं स्टुडिओतला दुसराच माणूस बोलला. डोळे होते तोवर मिंदानं चेहराच पाहिला. आता आख्ख्या सिनेमात तो तिला कुठेच सापडेना.

“सेल्सो, मग मी तुला शोधू कुठे रे?” तिला रडू फुटलं.

तेवढ्यात पडद्यावर हीरोनं सुरा खुपसला आणि गुंड जिवाच्या आकांतानं किंचाळला. मिंदा एकदम ताठ झाली.

“हा तू! देवाशप्पथ, हा तूच!”

किंकाळीला बोली नसते, म्हणून साहेबांनी तेवढी त्याची ठेवली होती.

मिंदानं त्याचा हात घट्ट धरला. “गप, आता मध्ये बोलू नकोस. तुझं पुढचं वाक्य ऐकू दे.”

“पुढे नाही काही, मिंदा,” सेल्सो म्हणाला. “मेलो मी.”