पितृपक्षाच्या आत

"वजन फार उतरलंय, अंगात ताकद नाही. आत्ताच जठर काढलं, तर आतले टाके सुटण्याची भीती आहे. तीन आठवडे खाऊपिऊ घाला, मग करू," सर्जन म्हणाले.

आत्याने बोटं मोजली. "म्हणजे ऐन पितृपक्षात? त्या दिवसांत माझ्या भावाच्या पोटाला सुरी लावू देणार नाही."

बाबा बहिणीकडे पाहून हसले. "अक्कापुढे यमाचंही चालत नाही, डॉक्टर. आधीच उरकू." कॅन्सर वाढेल या धास्तीने त्यांची लेक वृंदा हिनेही अडवलं नाही. सर्जननी पुन्हा बजावलं आणि अखेर तारीख दिली.

ऑपरेशन पार पडलं. आठवड्याभरात ताप चढला, टाके सुटले. पोट पुन्हा उघडायचं ठरलं, तेव्हा पितृपक्ष लागला होता. "बघत काय बसलीस? सही कर!" आत्याच वृंदावर ओरडली.

बाबा टेबलावरच गेले. सर्जन सांगायला बाहेर आले, तशी आत्याने त्यांचा हात धरला. "थांबलो असतो, तर वाचला असता का हो?"

"असं आधी कुणाला सांगता येतं, आजी?" ते हळूच म्हणाले.

त्यांनी तर सांगितलं होतं. आत्याने पटल्यासारखी मान डोलावली. वृंदाकडे मात्र पाहिलं नाही.