मॉनिटरखालची वही
निवृत्त इंद्रभानभाऊंचं खातं रोज सकाळी सहाला बियाणे कंपनीच्या सर्व्हरवरची कागदपत्रं उघडतं, हे कळताच त्यांच्या जागी सर्व्हर सांभाळणाऱ्या पूनमच्या मनात पाल चुकचुकली. "म्हातारा आता शेजारच्या कंपनीत बसते. आपली माहिती चोरून नेऊन राह्यला," साहेब म्हणाले. तिनं तिथल्या तिथं खातं पुसलं. दुसऱ्या दिवशी पिंपळगावच्या दुकानातून फोन आला, "नापास बियाण्याची यादी मेलवर काऊन नाही आली? सगळीच पोती विकू का?" पूनमनं भाऊंना फोन लावला. "पोरी, माही वही वाचली का?" ते एवढंच म्हणाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी दिलेली वही तिनं न उघडताच डगमगत्या मॉनिटरखाली सारली होती. ती ओढून काढली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "माहं खातं पुसू नको. सकाळची यादी त्यातूनच आपोआप जाते. लोक मले चोर म्हणतीन. तू म्हणू नको."