काचेपलीकडचा फोटो

घरच्या माशांचे फोटो मोबाइलवर धड येईनात, म्हणून शिंपीकाका काकूंना घेऊन कॅमेऱ्याच्या दुकानात आले. दुकानदाराने नवशिक्यांना जमतील असे तीन डीएसएलआर काढले आणि कोपऱ्यातल्या फिशटँककडे बोट केलं. "फ्लॅश नको. लेन्स काचेला टेकवा आणि घ्या ट्रायल, काका."

ट्रायल म्हटल्यावर काकांची कळी खुलली. पहिल्यात मासा पुसट आला, दुसऱ्यात नुसती शेपटी.

"माझ्या फोटोसाठी कधी एवढा जीव टाकला नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि दोघांचा तर एकही नाही. कॅमेरा कायम तुमच्याच हातात."

काकांनी त्यांच्याकडे बघून हसतहसतच तिसऱ्याचं बटण दाबलं. खट्.

स्क्रीनवर मासा नव्हता. एकमेकांकडे बघून हसणारे काका-काकू होते. काकांच्या हातात काचेला टेकवलेला कॅमेरा होता, आणि दोघांच्या पुढून बुडबुडे वर चालले होते.

"प्रतिबिंब असेल," काका म्हणाले. मग त्यांची नजर शर्टाच्या खिशावर गेली. आरशात खिशाची बाजू बदलते, हे शिंप्याला कुणी सांगायला नको. इथे खिसा सुलट होता.

काकू फोटोकडे बघतच राहिल्या. "हाच घेऊ. किती छान दिसतो हो आपण."

दुकानदाराने कॅमेरा खोक्यात घालून वर चिकटपट्टी मारली. दोघं दारापर्यंत पोचले.

मागे, पाण्यातून, खट् असा आवाज आला.

काकूंनी काकांची कॉलर सरळ केली, स्वतःचे केस सावरले, आणि मगच दोघं हसत मागे वळले.