सोसेल तेवढी बातमी

टीव्हीवर वादळाचा इशारा ऐकून द्वारका धावतच बंदरावर आली. तिचा नवरा भिकाजी होडीत जाळं चढवत होता.

"वादळ येतंय. जाऊ नका."

भिकाजीने मोबाइलवरची बातमी दाखवली. समुद्र शांत राहणार होता. सगळ्यांना एकच बातमी देणारं सरकारी केंद्र बंद झाल्यापासून प्रत्येकाला आपापल्या तब्येतीला सोसेल तेवढीच बातमी दिसे आणि भिकाजीचं तर हृदयाचं ऑपरेशन झालेलं.

"तुमची बातमी खोटी आहे. ही बघा," म्हणत द्वारकेने आपला मोबाइल पुढे केला. पण मनगटावरच्या नाडी मोजणाऱ्या पट्ट्याने तिची धडधड मोबाइलला केव्हाच कळवली होती. आता तिच्याही मोबाइलवर निवेदिका हसून सांगत होती, समुद्र शांत राहील.

"बघ," भिकाजी म्हणाला आणि त्याने इंजिन सुरू केलं.

द्वारकेने होडीचा दोर दोन्ही हातांनी धरला आणि ती खाली वाळूत बसली.