जाळीचा फोटो

पहिलं बोट मोडलं तेव्हा भास्कर ओरडला. दुसऱ्याच्या वेळी त्याने दात आवळले. टेबलाच्या लोखंडी खणात त्याचा उजवा हात होता आणि गजानन गुडघ्याने तो खण आत ढकलत होता. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराला आतून कडी होती. बाहेर सिल्वासाजवळच्या मसाटमधल्या त्या कारखान्यातल्या नऊ प्रेस पत्रा कापत होत्या. त्या आवाजात माणूस मेला असता तरी कुणाला कळलं नसतं.

गजानन प्रेस विभागाचा सुपरवायझर. दोघंही नाशिकचे, टोकरखाड्यातल्या एकाच मेसमध्ये रोज समोरासमोर बसून जेवणारे. कालच त्याने भास्करच्या ताटात आग्रहाने आणखी एक पोळी वाढली होती. अशा माणसाचा मार जास्त लागतो.

भांडण एका फोटोवरून होतं. सकाळी अकराला झिपरूची तीन बोटं प्रेसखाली गेली. झिपरू धुळ्याकडचा, सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेला. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. माल भराभर निघावा म्हणून गजाननने ती आठवड्यापूर्वीच काढून कोपऱ्यात टाकली होती. भास्कर कंपनीचा कॉम्प्युटरवाला. अपघात झाला की फोटो काढायचा आणि वेबपेजवरच्या फॉर्ममधून मुंबईच्या ऑफिसला पाठवायचा, हे त्याचं काम. नव्व्याण्णव साली असा फॉर्म अख्ख्या सिल्वासात दुसरीकडे कुठे नसावा. तो फॉर्म आणि आलेली फाइल मुंबईच्या सर्व्हरवर नीट ठेवणारा पीएचपीचा प्रोग्राम, दोन्ही त्यानेच लिहिले होते. सव्वाअकराला त्याने नवी फ्लॉपी घालून झिपरूच्या प्रेसचा फोटो काढून पाठवला. त्यात रक्त होतं. जाळी नव्हती.

दुपारी गजाननने प्रेस धुऊन घेतली, जाळी बसवली आणि दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीवर नवा फोटो काढला. जाळी होती असं ठरलं की चूक झिपरूची, आणि झिपरू घरी. तसा कागदही त्याने लिहून खिशात ठेवला होता. हॉस्पिटलात जाऊन त्यावर झिपरूचा अंगठा घ्यायचा होता. अंगठा मात्र वाचला होता.

सकाळची फ्लॉपी त्याने भास्करच्या खोलीत आल्या आल्या मोडून टाकली. आता मुंबईत पोचलेला फोटो घालवायचा होता. तो कसा घालवायचा हे भास्करच्याच चुकीने त्याला शिकवलं होतं.

कंपनीचा कॅमेरा फ्लॉपीवाला, फोटो थेट फ्लॉपीवर उतरवणारा. नवी किंवा पुसलेली फ्लॉपी घातली की तो पहिल्या फोटोला पुन्हा तेच नाव देई, ००१. आणि त्याच नावाची दुसरी फाइल सर्व्हरवर आली की पहिली पुसली जाई. महिन्यापूर्वी पॅकिंगमधल्या जयाचा हात भाजला. तिचा फोटो मुंबईला गेला. दोन दिवसांनी तीच फ्लॉपी पुसून पाण्याच्या नव्या टाकीचा फोटो पाठवला गेला, आणि मुंबईत जयाच्या हाताच्या जागी टाकी दिसू लागली. पुरावा गेला, मग जयाही कामावरून गेली. त्या टाकीवरून कारखाना आठवडाभर हसत होता. लोकांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही. निघताना जया भास्करच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"पाठव," गजानन म्हणाला. "जयाच्या टायमाला झालं तसंच होऊन जाईल. विषय खतम."

"मी नाही पाठवणार. पाठवायचा तर तुझ्या नावाने पाठव."

फॉर्म आधी पाठवणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड मागत असे; सुपरवायझरांनाही तो दिलेला होता. गजाननने तीनदा विचारलं, भास्करने तीनदा तेच उत्तर दिलं. गजाननने त्याच्या कानाखाली मारली, मग खण पुन्हा ढकलला. भास्करच्या मनगटावरून रक्त कागदांवर गळत होतं. असल्या हट्टाला काय म्हणावं ते गजाननला कळेना. शेवटी त्याने भास्करला खुर्चीवरून खाली ढकललं आणि स्वतः बसला. एका बोटाने त्याने आपलं नाव टाइप केलं, पासवर्ड टाकला, फ्लॉपीतला फोटो निवडला आणि बटण दाबलं.

फोटो जायला दोन मिनिटं लागली. भास्कर भिंतीला टेकून, हात पोटाशी धरून पडद्याकडे बघत राहिला. फाइल पोचल्याचं पडद्यावर आलं तेव्हा गजानन हसला.

"दोन बोटं घालवलीस, भास्कर. आणि मिळवलंस काय, माझं नाव?"

मेसमध्ये विचारलं तर जिन्यावरून पडलो म्हणून सांग, असं बजावून तो हॉस्पिटलकडे निघून गेला.

जया गेली त्या रविवारी भास्करने प्रोग्राममध्ये चार ओळी वाढवल्या होत्या. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर तिला हात लावायचा नाही. नवीच्या नावाला आकडा जोडून ती वेगळी ठेवायची, आणि कुणी व किती वाजता पाठवली तेही शेजारी लिहायचं. कारखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चूक सगळ्यांनी पाहिली होती, दुरुस्तीबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

पाच मिनिटांत टेबलावरचा फोन वाजला. मुंबईहून अपघातांची चौकशी बघणाऱ्या शर्वरी मॅडम बोलत होत्या.

"भास्कर, झिपरूच्या प्रेसचे दोन फोटो आलेत. सव्वाअकराचा तुमच्या नावाने, त्यात जाळी नाही. पावणेपाचचा गजाननच्या नावाने, त्यात जाळी आहे. यातला खरा कुठला?"

भास्करने डाव्या हाताने रिसीव्हर घट्ट धरला.

"दोन्ही खरे आहेत, मॅडम. वेळ आणि नाव तेवढं बघा."